बारा दांडे, चोवीस तुकडे

दशांश हे काही त्याचं नाव नव्हे. लॅबमधल्या लोकांनी ते त्याच्या माघारी ठेवलं होतं. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातल्या मनात आवडतही होतं. आज फार उकडतंय, असं कुणी म्हटलं की तो भिंतीवरच्या मापकाकडे बघून 'एकतीस पॉइंट चार' असं उत्तर द्यायचा. ज्याला मोजता येत नाही त्याने तोंड उघडू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आता जगातल्या बहुतेकांना मोजता येत नाही, त्यामुळे जगातल्या बहुतेकांशी त्याचं पटत नसे.

वस्तू तोडणं हे त्याचं काम. कारखाने साखळ्या पाठवत, हुक पाठवत, बोल्ट पाठवत. तो ती वस्तू यंत्राच्या दोन जबड्यांत पकडायचा, यंत्र तिला वरून-खालून ओढायचं, आणि ती किती टनांना तुटली ते तो लिहून ठेवायचा. यंत्र माणसाच्या दुप्पट उंच, हिरव्या रंगाचं, वीस टनांपर्यंत ओढणारं. तळमजल्यावरच्या लांबट खोलीत ते एकटंच उभं असे. दशांशला माणसांपेक्षा त्याची सोबत बरी वाटे, कारण ते निदान थापा मारत नसे.

धाकट्या बहिणीने मात्र थापा मारणाऱ्यांच्या अख्ख्या जमातीत लग्न केलं होतं. तिचा नवरा वेगवान गाड्यांची इंजिनं बांधायचा. दशांशच्या मते बांधायचा कमी आणि त्यांच्याविषयी बोलायचा जास्त. मेहुण्याला तो 'तुम्ही' म्हणायचा. मानाने नव्हे, 'तू' म्हणण्याइतकी जवळीक नको म्हणून.

मेहुणा आणि त्याचं टोळकं एकाच गाडीच्या इंजिनापुढे लोटांगण घालणारं. ते इंजिन तीन पिढ्यांत निघालं होतं, आणि कुठल्या पिढीचा कनेक्टिंग रॉड भक्कम, यावर ही मंडळी वर्षानुवर्षं घसा कोरडा करत बसायची. इंजिनात पिस्टन वरखाली धावतो आणि खालचा क्रँक गोल फिरतो. त्या दोघांना जोडणारा वीतभर पोलादी दांडा म्हणजे हा रॉड. इंजिन जोरात फिरू लागलं की सगळी ओढाताण त्याच्यावर येते. तो तुटला तर इंजिनाचं पोट फोडून बाहेर येतो, आणि मग गाडी चालवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

पहिल्या पिढीचे दांडे जाडजूड होते, तिसऱ्या पिढीचे सडपातळ. म्हणजे पहिल्याच पिढीचे भक्कम, झाला यांचा सिद्धांत. तिसऱ्या पिढीवर तर त्यांचा विशेष राग. त्या दांड्याचं खालचं कडं कारखान्यात आधी अखंड बनवतात, मग मुद्दाम तडकवून त्याचे दोन भाग करतात आणि क्रँकभोवती पुन्हा बोल्टने आवळतात. 'जन्मालाच मोडून आलेला दांडा' म्हणून हे लोक एकमेकांना टाळ्या द्यायचे. तडकलेल्या दोन बाजू एकमेकींत जितक्या चपखल बसतात तितक्या कापलेल्या बसत नाहीत, आणि प्रत्येक तडा वेगळा असल्यामुळे एकाचा तुकडा दुसऱ्याला कधीच बसत नाही, हे दशांशने मेहुण्याला दोनदा समजावून सांगितलं होतं. मेहुणा दोन्ही वेळा हसला होता. अडाणी माणसं अशीच हसतात, असं म्हणून दशांशने तो विषय सोडून दिला.

पण रविवारी डोंगरातल्या रस्त्यावर शर्यत होती. मेहुणा एकटाच जाऊन कुठल्या कड्यावर आदळला असता तर दशांशने रीतसर वाईट वाटून घेतलं असतं आणि सोमवारी कामाला लागला असता. शेजारच्या सीटवर मात्र वळणांची वही मांडीवर घेऊन, येणारं वळण नवऱ्याला वाचून दाखवायला धाकटी बसणार होती. गेली सहा वर्षं ती तशीच बसत आली होती. दशांशला तिची काळजी वाटायची, आणि ती काळजी करायला लावल्याबद्दल मेहुण्याचा संताप यायचा. म्हणून दर हंगामात मेहुणा दांडे घेऊन आला की तो नाक मुरडत का होईना ते तपासून द्यायचा. या खेपेला तिन्ही पिढ्यांचे चार-चार असे बारा दांडे आले होते.

"कुठले घालू ते एकदा सांगून टाका, दादा," मेहुणा म्हणाला होता.

"तुम्हाला कळेल अशा भाषेत लिहून देईन," दशांश म्हणाला.

गुरुवारी दुपारी त्याने सुरुवात केली. पहिल्या पिढीचे चार दांडे तुटले, सरासरी बारा पॉइंट सात आठ टन. दुसऱ्या पिढीचे त्याहूनही कमी. मग तिसऱ्या पिढीचा पहिला सडपातळ दांडा जबड्यांत गेला. बारा टन झाले, तेरा झाले, चौदा झाले, आणि चौदा पॉइंट तीन सहाला तो मधोमध कडकन तुटला. दशांशला इतका आनंद झाला की त्याने तिथूनच मेहुण्याला फोन लावला.

"तुमच्या सिद्धांताला आम्ही आत्ताच अग्नी दिला," तो म्हणाला. उरलेले तीन दांडे त्याने फोन कानाला लावूनच तोडले, प्रत्येक आकडा मेहुण्याला ऐकवत.

या आनंदात एक चूक झाली. वस्तू तुटली की तिचे दोन्ही तुकडे लगेच बारीक तारेने एकत्र बांधायचे, ही लॅबची शिस्त. बावीस वर्षांत दशांशने ती कधी मोडली नव्हती. त्या दुपारी त्याने सगळे चोवीस तुकडे एका ट्रेमध्ये टाकले आणि खिदळत घरी गेला.

शुक्रवारी सकाळी अहवालासाठी फोटो काढायचे म्हणून तो ट्रे घेऊन बसला. स्वतःच्या गबाळेपणाचा त्याला राग आला होता, पण काम अवघड नव्हतं. तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली धरायचा, त्याचा जोडीदार शोधायचा. एखादी जोडी जुळली की टिक असा बारीक आवाज होई आणि फट दिसेनाशी होई. हाताने ओढलं की तुकडे पुन्हा वेगळे होत. अशा तीन जोड्या लागल्या.

चौथ्या वेळी त्याचं लक्ष खिडकीबाहेर होतं. हातातले तुकडे टिक करून जुळले, म्हणून त्याने खाली बघितलं. वरचा अर्धा पहिल्या पिढीचा होता, जाडजूड. खालचा अर्धा तिसऱ्या पिढीचा, सडपातळ.

दशांश हसला. मग त्याने ते ओढून सोडवायचा प्रयत्न केला.

ते सुटले नाहीत. त्याने दांडा व्हाइसमध्ये धरून हातोडीने ठोकला, तरीही नाही. जोडावरून अंगठ्याचं नख फिरवलं, कारण बारीकातली बारीक फट नखाला लागते. नख कुठेही अडकलं नाही. त्याने व्हर्नियर लावलं. जोडाच्या वर बावीस पॉइंट चार मिलिमीटर रुंदी, जोडाच्या खाली एकोणीस पॉइंट एक. मध्ये तीन मिलिमीटरची पायरी असायलाच हवी होती, आणि नव्हती. उतारही नव्हता. वर एक माप होतं, खाली दुसरं, आणि दोन्ही एकमेकांशी सपाट होते.

असल्या मूर्खपणावर विश्वास ठेवायला तो काही मेहुणा नव्हता. त्याने व्हर्नियर बदललं, मग दिवा बदलला, मग चष्मा पुसला. शेवटी दांडा यंत्रात चढवला.

बारा टन. चौदा. सोळा. यंत्राची घरघर जाड होत गेली. अठरा. वीस. काटा टोकाला जाऊन टेकला आणि थरथरत राहिला. दांडा केसभरही लांबला नव्हता. दशांशने यंत्र बंद केलं आणि जबडे सैल करून दांडा बाहेर काढला. मग त्याने यंत्राची अचूकता प्रमाणित वजनांनी तपासली. त्यात दुपार गेली. यंत्र बरोबर होतं.

यंत्राच्या खोलीतून परत आला तेव्हा टेबलावर ट्रे नव्हता.

येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची नोंद ठेवणाऱ्या बाई दारापाशीच बसत. पंचवीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या या बाईंना दशांश खुर्चीचाच भाग समजायचा. त्याने विचारलं, "बाई, ट्रे कुठे गेला?"

"तुमचे मेहुणे घेऊन गेले ना. जेवायच्या सुट्टीत."

"तुटलेले तुकडे? ते कशाला हवेत त्यांना?"

"ते मला काय माहीत. नेहमीच नेतात." बाईंनी रजिस्टर फिरवून त्याच्यासमोर धरलं. "सहा वर्षं झाली. तुम्हीच सह्या करता की."

सह्या त्याच्याच होत्या. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून सही करायची त्याला सवय नव्हती. दुसऱ्यांनी लिहिलेल्यात वाचण्यासारखं काही असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

"आणि बाई, अहवाल? ते नेत नाहीत?"

बाई जरा घुटमळल्या. मग त्यांनी पायाशी असलेला खण ओढून दाखवला. सहा वर्षांचे अहवाल पाकिटांत होते. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी अकराला दशांश मेहुण्याच्या गॅरेजवर गेला. वीस टनांना न तुटलेला तो दांडा त्याच्या पिशवीत होता. वाटेत त्याने बोलायची वाक्यं जुळवून ठेवली होती. धाकटीला उद्या त्या गाडीत बसू द्यायचं नाही, मग आयुष्यभराचा अबोला झाला तरी चालेल, एवढं त्याने पक्कं केलं होतं.

गॅरेजमध्ये स्वच्छ उजेड होता. शटर पूर्ण उघडं. इंजिन लोखंडी घोडीवर उलटं ठेवलेलं, आणि मेहुणा कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालून त्याच्यावर वाकलेला. धाकटी पलीकडे स्टुलावर बसून उद्याच्या वळणांची वही लिहीत होती. लांब बाह्यांचा सदरा, बाही बोटांपर्यंत ओढलेली.

"ये दादा," ती म्हणाली. "चहा ठेवू?"

दशांश थेट इंजिनापाशी जाऊन उभा राहिला. तो इंजिनात बघत होता. तीन दांडे बसवून झाले होते. तिन्ही वरून जाड होते आणि खालून सडपातळ.

"हे तुटलेले दांडे आहेत," तो म्हणाला.

"हो," मेहुणा म्हणाला. "चौथा तुमच्याकडे राहिला. आणलात ना?"

"माझा अहवाल तुम्ही वाचला नाहीत."

मेहुण्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते दशांशने ओळखलं. आरशात ते त्याने रोज पाहिलं होतं. "दादा, रागावू नका. तुमचे अहवाल कोण वाचतं? आकडे घेऊन आम्ही काय करायचं?"

"मग दांडे पाठवता कशाला?"

"तोडायला."

"तोडायला तुमच्याकडे हातोडा आहे."

"हातोड्याने तोडलेले जुळत नाहीत. आणखी दोन लॅबमध्ये तोडून बघितले, तेही नाही जुळले. तुम्ही तोडलेलेच जुळतात. ते का, ते आम्हाला माहीत नाही." मेहुणा कापडाने पाना पुसत होता. "तुकडा आपल्याच जोडीला लावला तर सुटतो. दुसऱ्याला लावला की मग सुटत नाही. तारा बांधून तुम्ही आमचं काम उगाच वाढवायचात."

बावीस वर्षांत दशांशशी असं कुणी बोललं नव्हतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो धाकटीकडे वळला.

"उद्या तू या गाडीत बसायचं नाहीस. ऊठ. घरी चल माझ्याबरोबर."

"मला बसावंच लागतं, दादा."

"का? याला वळणं वाचता येत नाहीत?"

धाकटीने वही मिटली आणि नवऱ्याकडे बघितलं. मेहुण्याने खांदे उडवले, आणि मग हातमोजे काढले.

उजवा हात त्याचाच होता, राठ, काळवंडलेला. डावा मनगटापासून पुढे लहान होता. नाजूक बोटं, गोरटी कातडी, आणि पहिल्या पेरापासून बाहेर वळलेली करंगळी. ती करंगळी दशांशने बघता क्षणी ओळखली. तो नऊ वर्षांचा असताना त्याने रागाने आपटलेल्या दारात ती सापडली होती. आईने विचारलं तेव्हा धाकटीने वाऱ्याने दार लागलं असं सांगितलं होतं.

धाकटीने बाही वर केली.

तिच्या डाव्या मनगटाच्या पुढे रुंद, केसाळ पंजा होता. नखांत काळं तेल मुरलेलं.

वर्षभरात तो या दोघांना पाच वेळा भेटला होता. समोरासमोर बसून जेवलाही होता.

"मागच्या वर्षीच्या शर्यतीत," ती म्हणाली. "गाडी उलटली. दोघांचे डावे हात मनगटातून तुटले. तुला सांगितलं नाही. तू ओरडला असतास."

दशांश पुढे झाला. त्याने तिच्या मनगटावरून अंगठ्याचं नख फिरवलं. वर बारीक मनगट, खाली जाड. नख कुठेही अडकलं नाही.

"घाईत होतो आम्ही," मेहुणा म्हणाला. "घाईत जुळवलं. नंतर सुटलं नाही."

"डॉक्टरांना..."

"डॉक्टर काय सांगणार? जोड दिसतच नाही त्यांना."

"हा माझ्यापासून लांब गेला की याच्या डाव्या हाताची बोटं हलत नाहीत," धाकटी म्हणाली. "गिअर कसा टाकणार? म्हणून मला शेजारी बसावं लागतं." तिने बाही पुन्हा बोटांवर ओढली. "उद्या येशील ना बघायला?"

दशांशने पिशवी खाली ठेवली. मेहुण्याने तिच्यातून दांडा काढला, उजेडात धरून बघितला आणि इंजिनात बसवला. उजव्या हाताने तो बोल्ट आवळू लागला. डाव्या हाताने त्याने दांडा धरून ठेवला होता.

पाना निसटला आणि वाकड्या करंगळीवर बसला.

मेहुण्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्याने पाना पुन्हा बोल्टवर चढवला.

पलीकडे स्टुलावर धाकटीने डोळे घट्ट मिटले होते.

"हळू ना," ती म्हणाली.